प्रश्न तुमचे : ‘मी हिच्यासाठी धावते’

मागच्या अंकात ॲना हालप्रिन या अमेरिकन नर्तिकेबद्दल मी लिहिलं आणि पत्रांची रीघ लागली. तो अंक ज्यांच्या हाती आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हालप्रिनबाई १९२० साली जन्मल्या आणि २०२१ मध्ये, वयाची शंभर वर्षं पूर्ण करून गेल्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला माउंट टॅमलपायस नावाचा सुमारे अडीच हजार फुटांचा डोंगर आहे. त्याच्या उतारावर, केंटफिल्डला त्यांचं घर. नवरा लॉरेन्स हालप्रिन नावाजलेले भूदृश्यरचनाकार. त्यांनी घराखालच्या उंच झाडांमध्ये बायकोसाठी लाकडी फळ्यांचा उघडा मंच उभारून दिला होता. पुढे नाव काढलेले कितीतरी अमेरिकन नर्तक त्या मंचावर शिकून गेले.

मला मात्र बाई मोठ्या वाटतात त्या वेगळ्या कारणाने. खून, वांशिक दंगल, कर्करोग, एड्स हे ज्यांच्यावर ओढवलं, त्यांनाच त्यांनी नाचायला उभं केलं. आणि बघायला आलेल्यांना त्या ‘प्रेक्षक’ म्हणत नसत, ‘साक्षी’ म्हणत. आलेल्या पत्रांतली सहा इथे घेतली आहेत.

“ताई, मी एकतीस वर्षं पोलीस खात्यात काढली. तुम्ही लिहिलंत की डोंगरावर नाच झाला आणि थोड्याच दिवसांत खुनी पकडला गेला. ते वाचून माझी सून म्हणाली, ‘बघा बाबा, नाचाची ताकद!’ मला हे पटत नाही. खुनी तपासाने सापडतो.” – एक निवृत्त फौजदार, सातारा

काका, तुमचं म्हणणं बरोबर आहे. मी दोन घटना शेजारी शेजारी मांडल्या आणि मधलं सांगायचं राहिलं. दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की वाचणारा त्यांत धागा ओवणारच. तेव्हा मधलं आता सांगते.

१९७९ च्या ऑगस्टपासून टॅमलपायसच्या पायवाटांवर खून होऊ लागले. मारल्या गेलेल्यांत बहुतेक स्त्रिया होत्या, एकट्यादुकट्या फिरायला गेलेल्या. हा डोंगर त्या भागातल्या लोकांचा रोजचा. सकाळी कुत्रं घेऊन जायचं, रविवारी मुलांना घेऊन जायचं. तो एकाएकी परका झाला. लोक वर जाईनासे झाले. त्याच काळात हालप्रिन पतीपत्नी तिथल्या एका कॉलेजात एक लांबलचक कार्यशाळा घेत होते. आपल्या वस्तीची स्वतःची अशी पुराणकथा कोणती, ती शरीरातून आणि परिसरातून शोधायची, असा त्यांचा विषय होता. लोक नाचायचे, मग कागदावर चित्र काढायचे, परत नाचायचे. चित्रांत एक गोष्ट फिरून फिरून यायला लागली : डोंगर. कुणी सांगितलं नव्हतं, तरी येत होता.

त्यातून १९८१ च्या एप्रिलमध्ये ‘इन द माउंटन, ऑन द माउंटन’ झालं. आधी नाट्यगृहात नाच झाला. नंतर लोक प्रत्यक्ष डोंगरावर गेले, जिथे माणसं मारली गेली होती त्या वाटांवरून चालले, तिथे अर्पणं ठेवली. मे महिन्यात खुनी पकडला गेला. पण काका, मार्चअखेरीसच कॅलिफोर्नियातल्याच सांताक्रूझच्या जंगलात त्याच्या हल्ल्यातून एक तरुण वाचला होता आणि त्याने पोलिसांना वर्णन दिलं होतं. म्हणजे तपासाला वाट नाचाच्या आधीच मिळाली होती. अटकेचं श्रेय त्या तरुणाचं आणि तपास करणाऱ्यांचं. सूनबाईंना हे जरूर वाचून दाखवा.

आता माझं म्हणणं ऐका. तुम्ही नोकरीत पाहिलं असेल, विहिरीवर एखादी वाईट घटना घडते, आरोपी आत जातो, शिक्षाही होते, तरी गावातल्या बायका वर्षानुवर्षं त्या विहिरीवर पाय ठेवत नाहीत. खुनी पकडणं पोलिसांचं काम. पण विहीर गावाला परत कोण देणार? त्याचा गुन्हा कुठल्याच ठाण्यात नोंदवता येत नाही. टॅमलपायसवर तो नाच झाला तो यासाठी. तेव्हा खुनी मोकळाच होता. भीती जागेवर होती, आणि ती असतानाच लोक एकमेकांच्या सोबतीने त्या वाटेवर चालले.

आणखी एक. नंतर मेक्सिकोतले होसे मात्सुवा नावाचे, हुइचोल जमातीचे एक वृद्ध जाणते तिथे आले होते. ते म्हणाले, हा डोंगर शुद्ध व्हायला हवा असेल तर पाच वर्षं नाचावं लागेल. आणि लोक पाच वर्षं नाचले. खुनी तर पहिल्याच वर्षी गजाआड झाला होता. निव्वळ त्याच्यासाठी नाच असता तर पुढची चार वर्षं कुणी कशाला आलं असतं? त्यातूनच पुढे ‘सर्कल द अर्थ’ आणि आज जगात अनेक ठिकाणी होणारं ‘प्लॅनेटरी डान्स’ वाढलं.

“माझ्या धाकट्या बहिणीला स्तनाचा कर्करोग आहे. केमोच्या चार फेऱ्या झाल्या, चार राहिल्यात. तुमचा लेख वाचल्यापासून ती म्हणते, हालप्रिनबाई नाचून बऱ्या झाल्या, मीही तेच करेन, आता औषध पुरे. आईबाबा हादरले आहेत. ताई, तुम्हीच तिला सांगा.” – नाशिक

हे उत्तर मी थेट तुमच्या बहिणीलाच लिहिते. तिला वाचायला द्या.

बाळ, तुझं नाव मला माहीत नाही, पण चार केमो काढलेलं शरीर कसं असतं ते मी घरात पाहिलं आहे. तोंडाला चव नाही, नखं काळी, आणि पाहुणे येऊन सांगतात, ‘किती छान दिसतेस’. अशा वेळी कुणीतरी नाचून बरं झालं हे वाचून तुझा जीव तिकडे ओढ घेईल हे मला कळतं. म्हणून जे झालं ते जसंच्या तसं सांगते.

१९७२ साली हालप्रिनबाई विद्यार्थ्यांकडून स्वतःची चित्रं काढून घेत होत्या आणि ती चित्रं नाचायला सांगत होत्या. त्यांनीही आपलं चित्र काढलं. ओटीपोटाच्या जागी एक करडा गोळा उमटला. नेहमी त्या चित्र काढलं की ते नाचत. या चित्राचा नाच त्यांना करता येईना. तेच त्यांना खटकलं. त्या डॉक्टरांकडे गेल्या आणि आतड्याचा कर्करोग निघाला. इथे थांब आणि नीट वाच : चित्रातून शंका आली, आणि त्या गेल्या डॉक्टरांकडे. शस्त्रक्रिया झाली. मोठी झाली. त्या टेबलावर झोपल्या, पोट कापून घेतलं, पुढचं सगळं सोसलं.

तीन वर्षांनी आजार परतला. तेव्हा त्यांनी माणसाच्या उंचीच्या कागदावर स्वतःचं चित्र काढलं. तरुण, धडधाकट, हसरं. ते त्यांना खोटं वाटलं. कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला दुसरं काढलं. काळंकुट्ट, अणकुचीदार, संतापलेलं. मग घरच्यांना आणि विद्यार्थ्यांना बोलावलं, आणि त्यांच्यासमोर आधी ती मागची बाजू नाचली. किंचाळत, गुरगुरत. ते पूर्ण उपसून झाल्यावरच पुढच्या बाजूकडे वळल्या. त्यानंतर आजार मागे हटला आणि त्या पंचेचाळीसहून अधिक वर्षं जगल्या. नाचामुळेच हटला असं सिद्ध करता येत नाही, आणि बाई स्वतः दोन गोष्टी काळजीने वेगळ्या ठेवत. रोग शरीरातून जाणं ही एक गोष्ट. आजारी माणसाने मन, नाती, भीती, राग यांच्यासकट पुन्हा अखंड होणं ही दुसरी. दुसरीसाठी त्या नाचत. पहिलीसाठी डॉक्टर.

तेव्हा राहिलेल्या चार फेऱ्या तू पुऱ्या करायच्यास. यात मी तुझ्याशी वाद घालणार नाही आणि घासाघीसही करणार नाही.

पण नाच मात्र सोडू नकोस. तू आत्तापर्यंत फक्त पुढची बाजू दाखवते आहेस असं मला तुझ्या ताईच्या पत्रावरून वाटतं. घरी मोठा कागद नसेल तर कॅलेंडरची जुनी पानं मागून चिकटव. त्यावर उलटी बाजू काढ. काळ्या खडूने, कोळशाने, कशानेही. मग ताईला खोलीत बसव. तिने काही बोलायचं नाही, सावरायला उठायचं नाही, ‘शुभ बोल’ म्हणायचं नाही. तिचं काम फक्त बघत राहण्याचं. तू बसल्या जागी नुसत्या हातांनी, नुसत्या श्वासाने केलंस तरी चालेल. १९८९ मध्ये एचआयव्ही आणि एड्स असलेल्या माणसांबरोबर बाईंनी जे केलं त्यात एक जागा होती, लोक पुढे धावत येऊन ओरडायचे, ‘मला जगायचंय!’ त्या काळी त्या आजारावर धड औषध नव्हतं. त्यांतले बरेच जण हे जाणून होते. तरी ओरडायचे, आणि समोर साक्षी असायचे. तुझ्याकडे औषध आहे. औषध घे, आणि ओरडसुद्धा.

“माझं वय ६८. दोन्ही गुडघे गेले. लहानपणी भोंडल्यापलीकडे कधी नाचले नाही. हे सगळं वाचायचं आणि हळहळायचं, एवढंच ना माझ्यासारखीने?” – सोलापूर

हळहळू नका, खुर्ची घ्या. २००५ मध्ये बाईंनी वृद्धांसाठी जो नाच बसवला तो डुलत्या खुर्च्यांवरचा होता. मरिन काउंटीच्या तळ्याकाठी, उघड्यावर, ओळीने खुर्च्या मांडल्या आणि आजीआजोबांनी त्यावर बसून नाच केला. बाई तेव्हा पंच्याऐंशीच्या घरात होत्या. आपल्याकडे डुलती खुर्ची नसली तरी झोपाळा असतो. आणि भोंडला येतो म्हणता, म्हणजे फेर धरणं येतं. फेर धरता आला की यातलं अर्धं आलं.

“आम्ही पालखी मार्गावरचे. तुम्ही त्या डोंगराखालच्या धावण्याचं जे वर्णन केलंत – गोल करून, ढोलाच्या ठेक्यावर, लहानथोर सगळे – ते वाचून मी बायकोला म्हणालो, हे तर आपलं रिंगण! मग ते लोक नवीन काय करतात?” – फलटण

भाऊ, मलाही तिथे पाऊल टाकताक्षणी पहिलं तेच आठवलं. म्हणून या प्रश्नावर मी जरा रेंगाळणार आहे.

आधी तिथलं, म्हणजे वर सांगितलेल्या ‘प्लॅनेटरी डान्स’चं सांगते. डोंगराच्या पायथ्याच्या कुरणात मोठं वर्तुळ आखलेलं असतं. मधोमध वादक. एकच साधा ठेका, न थांबता. लोक एकामागून एक आत शिरतात. बाहेरच्या फेरीत धावायचं, आतल्या फेरीत उलट दिशेने, दमलं की त्याहून आत चालायचं, आणि अगदी मध्ये जाऊन नुसतं उभं राहायचं. म्हणजे पाच वर्षांचं पोर आणि ऐंशी वर्षांचा म्हातारा एकाच ठेक्यावर असतात. पाहायला म्हणून आलेला माणूस तासाभरात कधी आत गेला हे त्यालाही कळत नाही.

आपलं रिंगण तुम्ही माझ्याहून जास्त पाहिलं आहे. पुरंदवड्याला माउलींचं पहिलं गोल रिंगण होतं तिथे मी दोनदा उभी होते. आधी पताकावाले धावतात, मग डोईवर तुळस घेतलेल्या बायका, मग विणेकरी, पखवाजवाले, आणि मग अश्व. अश्व गेल्यावर माणसं वाकून त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. साठीची बाई डोक्यावरचं वृंदावन एका हाताने सावरत, नऊवारीचा काष्टा घट्ट करून ज्या वेगाने धावते, ते पाहून माझ्या घशात आवंढा आला होता.

सारखेपणा इतका आहे की डोळ्यांत पाणी येतं. फरक एका जागी आहे, आणि माझ्या मते तो मोठा आहे. रिंगणात धावणारी कुणासाठी धावते हे तिला सांगावं लागत नाही. ते ठरलेलं आहे, तो विटेवर उभा आहे. तिचं दुःख तिने घरून निघताना त्याच्या हवाली केलेलं असतं. मुलगा गेलेला असो, पीक बुडालेलं असो, धावताना ती तुकोबा-माउलींची असते. आपल्यामागे सातशे-आठशे वर्षांची वाट आहे. तिथल्या लोकांकडे अशी वाट नव्हती. एका डोंगरावर खून झाले आणि सगळ्या वस्तीला मिळून काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. वेगवेगळ्या धर्मांची, काही कुठल्याच देवाला न मानणारी माणसं. मग त्यांनी एक नियम केला : वर्तुळात शिरताना मोठ्याने सांगायचं, मी कुणासाठी धावतो. ‘मी माझ्या आईसाठी धावतो.’ ‘मी आटत चाललेल्या नदीसाठी धावते.’ एवढं म्हणायचं आणि पाय उचलायचा.

तेव्हा नवीन काय या प्रश्नाला माझं उत्तर असं : ज्यांना वारसा नव्हता त्यांनी आपल्या डोळ्यांदेखत एक रीत घडवली, आणि ती प्रामाणिकपणे पाळली. मला त्याचा आदर वाटतो. आणि फलटणकर असल्याचा तुम्हाला जो अभिमान वाटतो आहे, तोही योग्यच.

“मी सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी प्राथमिक शाळेत शिकवते. २०१९ च्या पुरात आमच्या गावात छपरापर्यंत पाणी होतं, २०२१ ला पुन्हा आलं. तेव्हाची बालवाडीतली मुलं आता माझ्या वर्गात आहेत. पाऊस वाढला की काही जण अजून खिडकीकडेच बघत बसतात. स्नेहसंमेलनात पुरावर नाच बसवायचा विचार आहे. निळ्या साड्या धरून लाटा, एक मुलगी बुडते, जवान वाचवतात, असं. कसं वाटतं?” – पलूस तालुका

बाई, तुमचं मुलांकडे लक्ष आहे म्हणून तुम्हाला खिडकीकडे बघणारी पोरं दिसली. पण तो नाच बसवू नका. मनापासून सांगते, बसवू नका.

ज्या मुलीने आजीला बोटीत चढवताना पाहिलं, तिला तुम्ही बुडायला लावणार आणि समोर बसलेले पाहुणे टाळ्या वाजवणार. पूर तिच्या अंगात आहेच. तो तिच्याकडून पुन्हा दाखवून घेतला तर मोकळी होतील ती पाहणारी मोठी माणसं, ती नाही. मी एका शहरात एका कार्यशाळेला गेले होते. शिकवणाऱ्याने पहिल्याच तासाला दिवे मालवून सांगितलं, आयुष्यातला सगळ्यात वाईट क्षण आठवा आणि तो अंगातून बाहेर काढा. एक मुलगी जमिनीवर कोसळली आणि शिकवणारा म्हणाला, छान, चालू ठेव. तिला हात धरून बाहेर मी नेलं. आठवडाभर ती झोपली नव्हती. हालप्रिनबाईंच्या पद्धतीत पाच पायऱ्या आहेत : काय आहे ते ओळखणं, त्याला सामोरं जाणं, ते सोडून देणं, बदल, आणि तो बदल रोजच्या जगण्यात मुरवणं. त्या कार्यशाळेत दुसऱ्या पायरीवर लोकांना ढकललं आणि दार बंद केलं. मुलांच्या बाबतीत तर पहिल्या पायरीवर तुम्ही महिनाभर राहिलात तरी हरकत नाही.

मग करायचं काय? हालप्रिन पतीपत्नी ज्याला ‘स्कोर’ म्हणत तो तयार करा. म्हणजे नाचाच्या हालचाली ठरवायच्या नाहीत, कामं ठरवायची. कोण, कुठे, किती वेळ, काय करणार, एवढंच फळ्यावर सगळ्यांना दिसेल असं लिहायचं. कसं करायचं ते ज्याचं त्याने. १९६९ मध्ये बाईंनी लॉस एंजेलिसला ‘सेरेमनी ऑफ अस’ केलं. वॉट्स वस्तीत १९६५ साली दंगल झाली होती. तिथल्या कृष्णवर्णीय तरुणांचा एक गट आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या गोऱ्यांचा एक गट यांना त्यांनी काही महिने वेगवेगळं शिकवलं आणि मग एकत्र आणलं. प्रयोगाला येणाऱ्यांना दोन दारं होती. एका दाराशी काळ्यांची ओळ, दुसऱ्याशी गोऱ्यांची. कुठून आत जायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. एक वाक्याचा स्कोर, पण पाहणारा उंबरठ्यावरच त्यात ओढला गेला.

तुमच्या वर्गासाठी माझ्या मनात असं येतं. पावसाळा नसताना, कोरड्या दिवसात मुलांना घेऊन गावात फिरा. भिंतींवर पुराच्या पाण्याची खूण अजून असेल, किंवा गावाने पट्टा मारून ठेवला असेल. प्रत्येकाने तिथे हात उंच करून ती गाठायचा प्रयत्न करायचा. कुणाचा पोचतो, कुणाचा नाही. पाचवीतल्याने पहिलीतल्याला उचलून घ्यायचं. मग शाळेपासून गावातल्या सगळ्यात उंच जागेपर्यंत सगळ्यांनी हातात हात धरून चालायचं, पुढचा ज्या वेगाने जाईल त्या वेगाने, आणि सगळ्यात पुढे सगळ्यात लहान. वर पोचल्यावर ठेका धरायचा. लेझीम असेलच शाळेत. हा तुमचा नाच. स्नेहसंमेलनात दाखवायचा असेल तर पालकांना मंडपात बसवू नका, त्यांना त्या वाटेवर उभं करा. मुलांनी त्यांचा हात धरला तर त्यांनी चालू लागायचं.

आणि ज्या मुलाला यायचं नसेल त्याला काम द्या. ठेका धरायचं, पाणी द्यायचं. जबरदस्ती कुणावरही नको. एवढं सगळं झाल्यावरही एखादं मूल झोपेत दचकत असेल, आईला सोडत नसेल, तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात त्याला न्यायला पालकांना राजी करा. ते नाचाने होणार नाही.

केल्यावर मला पत्र लिहा. हातरुमालाएवढ्या कागदावर लिहिलंत तरी चालेल.

“तुम्ही लेखात लिहिलंत, ‘मीही वर्तुळात शिरले’, आणि पुढचं वाक्य दुसऱ्याच विषयावर गेलं. तुम्ही कुणासाठी धावलात? सांगायचं नसेल तर राहू द्या.” – औसा, जि. लातूर

तुम्ही औशाहून विचारलंत म्हणून सांगते. तुम्हाला फार समजवावं लागणार नाही.

माझं आजोळ सास्तूर. १९९३ ला मी सातवीत होते, आम्ही उमरग्याला राहायचो. गणपतीत चार दिवस मामाकडे होते. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी. दुपारी आम्ही उमरग्याला परत निघालो तेव्हा मामी दारात उभी राहून म्हणाली, “राहा की गं आजची रात.” मला उमरग्याची मिरवणूक बघायची होती. मी राहिले नाही. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना किल्लारीचा तो भूकंप झाला. मामा शेतावर जागलीला होता, तो वाचला. घर माळवदाचं होतं. दगडमातीच्या दोन-अडीच फुटी भिंती, सागवानी तुळया, वर वर्षानुवर्षं घातलेल्या मातीचा थर. मामी आणि तिची दोन्ही मुलं आत होती. आम्ही पोचलो तेव्हा पाऊस पडत होता.

त्यानंतर एकवीस वर्षं मी ‘मामी’ हा शब्द उच्चारला नाही. कुणी ठरवून बंदी घातली नव्हती. तोंडातून निघत नसे, एवढंच. छप्पर असलेल्या कुठल्याही खोलीत मी दाराजवळ झोपायचे. लग्नानंतर नवऱ्याला वाटायचं मला उकडतं.

२०१४ च्या उन्हाळ्यात आम्ही त्याच्या नोकरीमुळे कॅलिफोर्नियात होतो. शेजारणीने त्या कुरणात नेलं. मी बघायला गेले होते. रांगेत माझ्यापुढे एक उंच बाई होती, ती म्हणाली, ‘जगाच्या शांतीसाठी’, आणि धावत सुटली. मी मनात तेच वाक्य इंग्रजीत जुळवून ठेवलं होतं. माझी पाळी आली आणि तोंडातून मराठीत निघालं, “मामीसाठी.” कुणाला कळलं नाही. धावायला लागले.

पहिल्या दोन फेऱ्या काही वाटलं नाही, दम लागत होता. मग तिसऱ्या फेरीला पायाखालची जमीन हललेली जाणवली. शंभर-दीडशे माणसं एका ठेक्यावर पाय आपटत होती, त्याने गवताखालची माती थरथरत होती. औशाच्या माणसाला सांगायला नको की जमीन थरथरली की आपण काय करतो. उमरग्यात ट्रक गेला तरी मी उंबऱ्याबाहेर असायचे. त्या दिवशी मी बाहेर पळाले नाही. थरथर माझ्याही पायांतून येत होती. मी रडत होते आणि धावत होते. माझ्या उजव्या हाताला एक आजोबा काठी टेकत आतल्या फेरीत चालले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली, आणि चालत राहिले. सांत्वन केलं नाही, काही विचारलं नाही. साक्षी म्हणजे काय हे मला त्यांच्याकडून कळलं. म्हणून वर नाशिकच्या ताईंना मी लिहिलं की उठू नका, नुसत्या बघा.

पुढच्या दिवाळीत भारतात आले तेव्हा सास्तूरला गेले. नव्या वसाहतीत मामाचं पक्कं घर आहे. तो अजूनही अंगणातच बाज टाकतो, थंडीत, डासांत, कसंही. मी त्याला कुरणातलं सगळं सांगितलं. तो बिडी विझवून बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, तुझ्यासाठी तिने गौरीच्या फराळातल्या चार करंज्या डब्यात बांधल्या होत्या, निघताना द्यायच्या राहिल्या, म्हणून राहा म्हणत होती. मी आतून सतरंजी आणली आणि त्याच्या बाजेशेजारी अंथरली.